मृगातला तेजोमेघ टिपायला पठारावर जाताना

जानेवारीच्या अमावस्येला तेजोमेघाचे फोटो काढायला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जायचं ठरलंय ना, मग तयारी आठवडाभर आधी गच्चीवरच सुरू करा. दिवसाउजेडी दुर्बिणीला कॅमेरा लावून लांबच्या एखाद्या टॉवरवर फोकस होतोय का बघा (सूर्याकडे चुकूनही वळवू नका), कारण न्यूटोनियनमध्ये (आरशाच्या दुर्बिणीत) बऱ्याचदा फोकसर, म्हणजे फोकससाठी आतबाहेर सरकणारी नळी, पूर्ण आत घेतला तरी कॅमेरा फोकसला येत नाही, माझी पहिली अख्खी रात्र यातच गेली, आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) सुंदर दिसत होतं आणि कॅमेऱ्यात नुसते गोल डाग.

मग माउंट, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक. पैसे घालायचेच तर मोठ्या आरशापेक्षा यात घाला, आकाश तासाला १५ अंश सरकतं, ट्रॅकिंग नीट नसेल तर बाकी सगळं फुकट. आपल्या साताऱ्यात ध्रुवतारा जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, म्हणजे उत्तरेला झाड, टेकाड, पवनचक्की काहीही आडवं आलं की पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) होत नाही, त्यामुळे जागा दिवसाच बघून ठेवा. आणि एवढ्या कमी अक्षांशाला काही माउंटचा काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो, तेही घरीच तपासा. पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा असणारच, गाडीच्या आडोशाला मांडा.

पिशवीत १२ व्होल्टची बॅटरी, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या (खिशात गरम ठेवा, थंडीत लवकर उतरतात), रिकामं मेमरी कार्ड, लाल जिलेटीन लावलेली टॉर्च, दव बसू नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडाभोवती लावायला जुन्या योगा मॅटची गुंडाळी, कानटोपी, चहा.

फोकस व्याधावर करा, बाहटिनोव्ह मास्क (फोकस जुळवायला दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फटींची जाळी) असेल तर दोन मिनिटांचं काम, फक्त नंतर मास्क काढायला विसरू नका. एम ४२, म्हणजे आपला मृगातला तेजोमेघ, साडेदहाच्या सुमारास सगळ्यात वर येतो, त्याआधी सगळं सुरू झालेलं पाहिजे. रॉ फॉरमॅट, आयएसओ १६००, ३० सेकंदांचे निदान शंभर फोटो घ्या आणि वेगळे ५ सेकंदांचेही वीसेक, नाहीतर तेजोमेघाच्या मधले ट्रॅपेझियम नावाच्या झुबक्याचे चार तारे पांढऱ्या भगदाडात बुडतात. लाल रंग फिका आला तर घाबरू नका, साध्या डीएसएलआरमधला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो.

डार्क्स (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट नंतर वजा करायला घ्यायचे काळे फोटो) तिथल्याच थंडीत, झाकण लावून, तेवढ्याच एक्सपोजरचे. आणि उजाडायला लागलं की कॅमेरा न काढता, फोकस न हलवता नळीवर पांढरा टीशर्ट ताणून फ्लॅट्स (धुळीचे डाग आणि कडांचा अंधार नंतर घालवायला एकसारख्या उजेडाचे फोटो) घ्या, मगच सामान आवरायला लागा.