पागेत चार-सहा घोडे असतील तर या चुका टाळा

एकच घोडा असला की मालकाची नजर आपोआप त्याच्यावर राहते. पाच झाले की ती वाटली जाते, आणि बहुतेक वेळा चुकीची वाटली जाते. अडणारा घोडा सगळ्यांचं लक्ष खातो, शहाणा घोडा सगळी कामं ओढतो, आणि कोपऱ्यातल्या गरीब घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या हे पंधरा दिवसांनी कळतं. लग्नाचे, रपेटीचे किंवा हौसेचे घोडे ठेवणाऱ्यांकडे बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

सगळ्यांना एकाच मापाची चंदी

मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, एकच डबा घेऊन रांगेने चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, टाकत जातो. रोज तासभर दुडकी मारणाऱ्यालाही डबाभर आणि आठवडाभर बांधून असलेल्यालाही डबाभर. हे बंद करा. घोड्याचं मुख्य अन्न वैरण. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज ५ ते ७ किलो. चंदी त्यावर, तीही कामाप्रमाणे, आणि एका वेळी दोन किलोंच्या वर नाही; घोड्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान असतं. वैरण किंवा दाणा बदलायचा तर सात ते दहा दिवसांत थोडा थोडा बदला.

सुटीच्या दिवशी चंदी तशीच चालू ठेवणं ही यातली सगळ्यांत महागात पडणारी चूक. लग्नसराई थांबते, घोडी बांधून राहते, खुराक मात्र पूर्ण. मग एक दिवस एकदम वरातीला काढली की थोड्याच वेळात मागचे पाय आखडतात, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे होतात, घाम सुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. अशा वेळी ‘चालवली की मोकळी होईल’ म्हणून ओढू नका. जिथे आहे तिथेच थांबवा, पाणी दाखवा, डॉक्टरांना बोलवा. हे टाळायचं तर काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा, वैरण पोटभर द्या आणि थोडं तरी मोकळं फिरू द्या.

एकत्र सोडलेल्या घोड्यांत दांडगा घोडा दुबळ्याला खाऊ देत नाही. घोडे पाच असतील तर वैरणीचे ढीग सहा करा आणि लांब लांब टाका. हाकललेल्याला जायला जागा उरते.

शेतावर कोंबड्याही असतील तर त्यांचं खाद्य वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवा. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयावर जातं आणि थोड्या मात्रेतही जीव घेतं. पोती शेजारी ठेवणं, एकाच घमेल्याने दोन्ही काढणं, हे सरळ धोक्याचं आहे.

शिकलेल्यालाच रोज काढणं

वेळ कमी असला की हात आपसूक शहाण्या घोड्याच्या लगामाकडे जातो. तो बिचारा रोज राबतो, हळूहळू कंटाळतो, तोंड कडक करतो, म्हणजे लगामाला दाद देत नाही. तिकडे अर्धवट शिकलेला तरणा घोडा दहा दिवस बांधून राहतो आणि अकराव्या दिवशी उधळतो, तेव्हा त्यालाच वाईट ठरवतात.

क्रम उलटा करा. पहाटे, ऊन चढायच्या आत आणि तुमचं डोकं शांत असताना सर्वांत अवघड घोडा आधी घ्या. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आठवड्यातून चार वेळा थोडं थोडं शिकवलेलं टिकतं. रविवारी दोन तास दामटवून काही टिकत नाही. मुरलेल्या घोड्याला एखाद्या दिवशी नुसती कदम चालीची, म्हणजे सावकाश चालण्याची, रपेट द्या.

जोडीदार बाहेर काढला की मागे राहिलेला खिंकाळतो, दोर तोडतो, ही तक्रार बहुतेक पागांत असते. त्याला मारून उपयोग नाही. जोडीदाराला दहा पावलं नेऊन परत आणा, मागच्यासमोर वैरण ठेवा, तो खायला लागला की अंतर वाढवा. दोघांना कायम शेजारी बांधूही नका.

एकच खोगीर सगळ्यांवर

रुंद पाठीच्या घोड्याचं खोगीर उंच खांद्याच्या मारवाडी जातीच्या घोड्यावर कसलं की मणक्याला टेकतं. काम संपल्यावर खोगीर काढा आणि घामाचा ठसा बघा. ओल्या पाठीत मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय. आज केस कोरडे आहेत, पुढे तिथली कातडी सोलते. तंग (खोगीर कसायचा पट्टा) आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) प्रत्येकाचा वेगळा ठेवा, नाहीतर एकाची गजकर्णं सगळ्यांना होतात. नालबंदाला मात्र नाल पडायची वाट न बघता दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा.

शूळ, म्हणजे पोटदुखी, उशिरा लक्षात येणं

सामाईक हौदात कोण पाणी प्यायलं आणि कोण नाही हे कळत नाही. मोकळ्या वाड्यात लीद कोणाची तेही कळत नाही. म्हणून रात्री प्रत्येकाला वेगळं बांधा, वेगळी बादली द्या आणि सकाळी झाडण्याआधी लीद बघा. एका घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त.

पाय आपटणं, कुशीकडे वळून बघणं, पुन्हा पुन्हा बसणं-उठणं ही शुळाची लक्षणं. वैरण लगेच काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. बांबूच्या नळीने तेल पाजू नका. ते श्वासनळीत गेलं तर शूळ बरा होऊनही घोडा फुप्फुसाने जातो.

नवा घोडा थेट रांगेत बांधणं

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा कितीही देखणा असो, तीन आठवडे त्याला लांब बांधा. बादली, खरारा, मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) सगळं वेगळं. रोज सकाळी ताप बघा, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, नाकातून पू आला किंवा जबड्याखाली गाठ आली तर डॉक्टर. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसालाही होतो, आणि निदान पक्कं झालं तर घोडा कायद्याने मारावा लागतो. या दिवसांत नव्याचं खाणंपिणं सर्वांत शेवटी करा, आणि तिथून निघाल्यावर हात धुतल्याशिवाय बाकीच्यांकडे जाऊ नका.