अल्टरनेटरची पुली दुरुस्त करताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षक आपली जुनी डिझेल गाडी घेऊन नागपूरच्या कामठी रोडवरच्या माझ्या गॅरेजात आले. गाडी त्यांनी वर्षभरापूर्वी सेकंडहँड घेतली होती आणि आठ महिन्यांत तिचा बेल्ट दोनदा बदलून झाला होता. "भाऊ, हा तिसरा बेल्ट आहे जी, आता तुम्हीच काय ते पाहा," एवढेच ते म्हणाले. बेल्ट उतरवून टॉर्चच्या उजेडात अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते खाचांचे चाक) पाहिली, तेव्हा पुढच्या दोन खाचांमधली कड जवळजवळ अर्ध्या परिघापर्यंत तुटलेली दिसली. उरलेल्या खाचांच्या एकाच भिंतीला आरशासारखी चकाकी आली होती आणि तळाशी रबराची काळी भुकटी दाबून बसली होती. सरळ चालणारा बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंती सारख्याच घासतो, त्यामुळे ती एका बाजूची चकाकी पाहताच अर्धे निदान झाले. पुली शाफ्टवर दोन-अडीच मिलिमीटर आत बसली होती, कारण तिच्या मागची स्पेसर रिंग पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत परत बसवलीच गेली नव्हती.

पुली स्वतःहून क्वचितच बिघडते, हे मी अनुभवाने सांगतो. कधी तिरका चाललेला बेल्ट तिला खातो, कधी बेल्टला ताण देणारा थकलेला टेन्शनर, कधी जाम होऊ लागलेले बेअरिंग, आणि बऱ्याचदा ती काढताना वापरलेली हातोडीच तिचे नुकसान करते. ज्याने पुली खाल्ली त्याचा शोध न घेता नवी पुली बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते. सेकंडहँड गाडीत हा धोका अधिक असतो, कारण आधीच्या मालकाकडे कोणी काय काढले आणि काय बसवले याची नोंद बहुधा नसते.

आवाज आला की बेल्ट बदलणे

सकाळी गाडी सुरू करताना किंवा हेडलाइट आणि एसी एकदम लावल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला, की आपल्याकडे पहिला संशय बेल्टवर जातो आणि तिथेच थांबतो. त्याआधी एक साधी चाचणी करावी. इंजिन सुरू असताना, ओढणी, सैल बाही आणि हात पंख्यापासून व बेल्टपासून दूर ठेवून, बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे साधे पाणी फवारावे. आवाज क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर पुली एका रेषेत नाहीत असे समजावे. पाणी पडताच आवाज वाढला, तर बेल्टचा ताण कमी आहे किंवा टेन्शनरची स्प्रिंग थकली आहे. ही चाचणी न करता बेल्टवर चिकट स्प्रे मारणे ही मला दिसणारी सर्वांत सरसकट चूक आहे. त्या स्प्रेने आवाज दोन-चार दिवस दबतो, पण धूळ त्या चिकटपणाला धरून खाचेत बसते आणि सहाणेसारखी दोन्ही बाजूंना झिजवत राहते.

बेल्टला चिरा नाहीत म्हणून तो चांगला आहे, हा समजही सोडायला हवा. जुने निओप्रीनचे बेल्ट म्हातारे झाले की तडकत असत. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, तर टायरसारखे झिजतात. त्यांच्या पट्ट्या हळूहळू बारीक होतात, बेल्ट खाचेत खोल उतरतो आणि शेवटी भिंतींऐवजी तळावर टेकून घसरू लागतो. वरून पाहणाऱ्याला तो नव्यासारखाच दिसतो.

पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती चाकांमागून उडून इंजिनच्या खालच्या भागात बसते आणि वाळली की खाचेत विटेसारखी घट्ट होते. अशा पुलीवर नवा बेल्ट चढवण्यापूर्वी नायलॉनच्या ब्रशने प्रत्येक खाच तळापर्यंत साफ करावी. तारेचा ब्रश किंवा पेचकसाचे टोक वापरू नये, कारण त्याचा एक ओरखडाही बेल्टला प्रत्येक फेऱ्यात कापत राहतो.

पुली कोणत्या प्रकारची आहे हे न ओळखणे

सर्वांत जास्त नुकसान मी याच ठिकाणी पाहिले आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरची पुली अखंड असते, म्हणजे ती शाफ्टला घट्ट धरते आणि नटाने बसते. अनेक डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत मात्र तिच्या पोटात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. मिस्त्री तिला क्लच पुली म्हणतात. काहींत क्लचसोबत स्प्रिंगही असते. डिझेल इंजिन प्रत्येक स्फोटासरशी पुढे झेपावते आणि मधल्या क्षणी मंदावते, तर अल्टरनेटरच्या आत फिरणारा जड भाग, म्हणजे रोटर, एकदा पळू लागला की तसाच पळू पाहतो. इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या, म्हणजे क्रँकच्या, मोठ्या पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनच्या साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तेव्हा तो साडेसात ते नऊ हजार फेऱ्यांवर असतो. गिअर बदलताना इंजिन एकदम मंदावते आणि रोटर मात्र बेल्टला उलट ओढू लागतो. तो झटका बेल्टपर्यंत जाऊ नये म्हणून हा क्लच सुटतो.

क्लच पुली खराब झाली की तिच्या जागी स्वस्त अखंड पुली बसवून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. गाडी चालते, बॅटरी चार्ज होते आणि ग्राहक समाधानाने जातो. पण आता प्रत्येक झटका बेल्ट आणि टेन्शनर यांनाच सोसावा लागतो. टेन्शनरचा हात इंजिन आयडलवर असताना थरथरताना दिसला, तर क्लच जाम झाला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे असा संशय घ्यावा. ज्या गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो, तिथे बेल्ट तुटला की पारा ४५ अंशांच्या वर असलेल्या नवतपाच्या दुपारी वर्धा रोडवर इंजिन उकळायला फार मिनिटे लागत नाहीत. म्हणून कंपनीने दिलेल्या प्रकारचीच पुली बसवावी, हे मी आग्रहाने सांगतो.

क्लच पुलीची तपासणी बेल्ट उतरवूनच करता येते. रोटर रोखून धरावा आणि पुली हाताने फिरवावी. एका दिशेने ती अलगद फिरली आणि दुसऱ्या दिशेने लगेच रोटरला धरून थांबली, तर क्लच ठीक आहे. स्प्रिंगच्या पुलीत दुसऱ्या दिशेने रबर ताणल्यासारखा वाढता विरोध जाणवतो. दोन्हीकडे घट्ट असेल तर ती जाम झाली आहे, आणि दोन्हीकडे मोकळी फिरत असेल तर अल्टरनेटर फिरतच नाही. अशा वेळी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि निष्पाप अल्टरनेटर बदलला जातो.

काढताना होणारे नुकसान

बॅटरीची ऋण तार आधी काढावी. अल्टरनेटरच्या मागची जाड तार थेट बॅटरीशी जोडलेली असते आणि किल्ली काढलेली असली तरी तिच्यात वीज असते. पाना तिच्यावरून घसरून बॉडीला टेकला, तर ठिणगीसोबत हातही भाजतो.

नट सोडवताना रोटर फिरू नये म्हणून अल्टरनेटरच्या जाळीतून पेचकस घालून आतल्या पंख्याला अडवणे ही दुसरी मोठी चूक आहे. पंख्याचे पाते वाकते, किंवा पेचकस रोटरभोवतीच्या स्थिर भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, तांब्याच्या तारेवरचे वार्निश खरवडतो आणि दोन महिन्यांनी अल्टरनेटर जळतो, तेव्हा त्याचा संबंध पुलीच्या कामाशी कोणी लावत नाही. शाफ्टच्या टोकाला बहुधा षट्कोनी किंवा ताऱ्याच्या आकाराचा खड्डा असतो. त्यात योग्य बिट घालून शाफ्ट धरावा आणि बाहेरून नट फिरवावा. क्लच पुलीला तर बहुधा ३३ दातांचा खास सॉकेट लागतो. तो बाजारात सहज मिळतो आणि तो नसेल तर काम हाती घेऊ नये. अखंड पुलीचा नट सोडवण्यापुरती इम्पॅक्ट गन चालते, परंतु क्लच पुलीवर ती लावल्यास आतले रोलर चेपतात.

गंजलेली पुली निघत नाही म्हणून तिच्या कडेवर हातोडी मारली की कड तुटते किंवा पुढचे बेअरिंग खचते. गॅसची ज्योत लावली तर बेअरिंगचे ग्रीस वितळून रबरी सील जळते. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर थांबणे आणि मग दोन जबड्यांच्या छोट्या पुलरने सारख्या ताणाने ओढणे, हा मार्ग वेळखाऊ वाटला तरी अखंड पुलीसाठी तोच खात्रीचा आहे. क्लच पुलीवर मात्र ते तेल टाकू नये. ते सीलमधून आत गेले तर ग्रीस धुऊन काढते.

वेल्डिंग आणि खराद

तुटलेली कड वेल्डिंगने भरून खरादावर खाचा पुन्हा काढून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हातातील कसब मी मानतो. तरीही अल्टरनेटरच्या पुलीसाठी हा मार्ग मी नाकारतो. नऊ हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या वस्तूत एका बाजूला वेल्डिंगचे दोन ग्रॅम जास्त पडले, तरी ते बेअरिंगला सतत हादरवत राहते. खाचेचे मापही नाजूक असते. पीके प्रकारच्या, म्हणजे गाड्यांतल्या नेहमीच्या अनेक पट्ट्यांच्या, बेल्टमध्ये दोन खाचांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असते आणि ते डोळ्यांच्या अंदाजाने साधत नाही. खरादावर ५४ मिलिमीटरची पुली ५२ वर आली तर अल्टरनेटर सुमारे ४ टक्के जास्त वेगाने फिरेल, हे एक वेळ चालून जाईल. मात्र पातळ झालेली भिंत आणि केंद्रापासून केसभर सरकलेला परीघ चालून जात नाही. बारीक उठलेली धार मऊ पॉलिश पेपरने काढणे एवढीच दुरुस्ती पुलीवर करावी. कड तुटली असेल, खाच खोल झाली असेल किंवा पुली डुलत असेल, तर ती बदलावी.

बदली पुली घेताना जुनी पुली सोबत न्यावी आणि खाचांची संख्या, बाहेरचा व्यास, शाफ्टचे भोक आणि पहिल्या खाचेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर ही चारही मापे व्हर्नियरने जुळवावीत. पहिली तीन सगळे पाहतात, चौथे राहून जाते आणि शिक्षकांच्या गाडीसारखी गत होते. जुन्या पुलीमागे रिंग होती का, हे काढण्यापूर्वीच मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. शाफ्टचे आटे, पुढच्या बेअरिंगचा खेळ आणि बेल्टला वाट देणारे मोकळे चाक, म्हणजे आयडलरही, याच वेळी पाहावेत, कारण पुली निघालेली असताना बेअरिंग बदलणे अर्ध्या तासाचे काम असते.

बसवल्यानंतर सरळ पट्टी क्रँकच्या आणि अल्टरनेटरच्या पुलीवर टेकवून रेष पाहावी. ३० सेंटिमीटर अंतरामागे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावरच आवळावा. अनेक छोट्या गाड्यांत तो ८० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. क्लच पुलीवरची प्लास्टिकची टोपी प्रत्येक वेळी नवीच लावावी. जुनी टोपी नीट पकडत नाही, आणि ती उडाली की धूळ व पाणी थेट बेअरिंगमध्ये जाते. हाताने ताण द्यायच्या गाड्यांत बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणू नये; त्या ओढीने पुढचे बेअरिंग लवकर संपते.

गाडी चालू ठेवून तार काढू नका

अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी इंजिन सुरू ठेवून बॅटरीची तार काढण्याची पद्धत कृपया कायमची बंद करावी. कार्ब्युरेटरच्या काळात ती निभावून जात असे. आता बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि इंजिनचा कंट्रोल युनिट किंवा रेग्युलेटर जळू शकतो. त्याऐवजी मल्टिमीटर लावावा. विश्रांती घेतलेली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान जावा आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावरही १३ च्या वर राहावा. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतात, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावर निर्णय देऊ नये.

सेकंडहँड गाडी घेण्यापूर्वीच या पुलीकडे पाहण्याची सवय नागपूरकरांनी लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचे आसन आणि गालिचे बदलता येतात, परंतु अल्टरनेटरच्या जाळीआड साचलेला गाळ, पुलीच्या मागच्या कडेवरचा तांबूस गंज आणि रोटरवरची पांढुरकी बुरशी सहसा कोणी साफ करत नाही.

काम झाल्यावर साधारण ५०० किलोमीटरनंतर बॉनेट पुन्हा एकदा उघडावे आणि थंड इंजिनवर टॉर्च लावून पुलीच्या भोवती रबराच्या भुकटीचे वलय पडले आहे का ते पाहावे. वलय असेल तर रेष अजून चुकलेली आहे. त्या शिक्षकांची गाडी मी पोळ्याच्या सुमारास अशीच पाहिली. नव्या पुलीमागे रिंग जागेवर होती, बेल्टच्या सहाही पट्ट्या सारख्या होत्या आणि खाचांच्या दोन्ही भिंतींवर एकसारखा मंद करडा रंग होता.