कॉलम पाडताना तिसऱ्या पायरीवर थांबा

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्याकडे एक टेक्स्ट फाइल आली. एका ओळीत एक ग्राहक: कोड, नाव, ऑर्डर नंबर, तारीख, आणि प्रत्येकाच्या मध्ये उभी रेघ. एक्सेलमध्ये पेस्ट केली तर सगळं पहिल्याच कॉलममध्ये येऊन बसलं. सहकाऱ्याने डेटा टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' दाखवलं; ते एका कॉलममधला मजकूर तोडून तीन पायऱ्यांत वेगवेगळे कॉलम पाडतं. मी 'डिलिमिटेड' (चिन्हाने वेगळं केलेलं) निवडलं, 'अदर'च्या चौकटीत उभी रेघ टाकली आणि पुढचं न वाचता 'फिनिश' दाबलं. कॉलम अगदी नीट पडले होते.

दोन दिवसांनी याद्या जुळेनात. 00457 या कोडचा 457 झाला होता. सोळा अंकी ऑर्डर नंबरांचा तर शेवटचा अंक सगळीकडे शून्य, कारण एक्सेल संख्येचे 15च अंक जपतं. नंतर फॉरमॅट 'टेक्स्ट' केला तरी गेलेला अंक परत येत नाही. मूळ फाइल ईमेलमध्ये शाबूत होती म्हणून काम पुन्हा करता आलं. तेव्हापासून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय मी काहीच सुरू करत नाही.

खरं काम 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर असतं. तिथे खालच्या नमुन्यातल्या एकेका कॉलमवर क्लिक करून तो काय आहे ते सांगायचं. ज्याची बेरीज कधीच करणार नाही तो आकडा 'टेक्स्ट': कोड, फोन, खाते क्रमांक. तारखेला 'डेट' निवडून शेजारी डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) की एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) तेही ठरवायचं. हा क्रम आपल्या आवडीचा नव्हे, फाइलमध्ये आहे तो. हे सोडलं आणि संगणक महिना आधी वाचणारा असला, तर 03/04 हा 4 मार्च होतो आणि 25/04 नुसता मजकूर राहतो. अर्ध्याच तारखा चुकतात, त्यामुळे चूक पटकन दिसतही नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 मध्ये 'मार्च1', 'सेप्ट2' अशी नावं बदलली, त्यामागेही हेच कारण होतं: एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली टेक्स्ट फाइल, डबल-क्लिक करून उघडू नका. तिथे ही पायरी येतच नाही, सगळं 'जनरल' धरलं जातं, म्हणजे प्रकार एक्सेल स्वतःच ठरवतं. 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आणा. मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर 'फाइल ओरिजिन'मध्ये 65001, म्हणजे यूटीएफ-8 ही अक्षरं साठवण्याची पद्धत, निवडा.

'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरताना उजवीकडे पुरेसे कॉलम रिकामे हवेत, नाहीतर तिथला मजकूर पुसला जातो. पत्त्यातच स्वल्पविराम असेल आणि पत्ता दुहेरी अवतरणात असेल, तर 'टेक्स्ट क्वालिफायर'मध्ये ते अवतरणचिन्हच ठेवा, म्हणजे आतल्या स्वल्पविरामावर पत्ता तुटत नाही.

शेवटी मी अपेक्षित कॉलमांच्या पुढच्या कॉलमला फिल्टर लावते. तिथे काही सापडलं, तर त्या ओळीत कुठेतरी एक रेघ जास्तीची आहे. ती मूळ फाइलच्या प्रतीत दुरुस्त करून मी पुन्हा पहिल्यापासून कॉलम पाडते.