लॅपटॉपचं वायफाय घडीघडी सुटते? पहिले सुटते कोण ते पाहा

मागच्या मे महिन्यात आमच्या छपरीत रोज दुपारी एकच तमाशा. मी गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देतो, ई-केवायसी, शिष्यवृत्ती, सातबारा काढणं, असंच काहीबाही. समोर काकाजी बसलेले, मोबाईलवर ओटीपी आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, एकेक आकडा वाचून दाखवला, मी शेवटचा आकडा टाकला अन् वायफाय गुल. दोन मिनिटांनी आलं तोवर साइटनं बाहेर काढून दिलं होतं. परत पहिल्यापासून. काकाजी म्हणे, "तुह्या मशीनले ऊन लागलं काय बे?"

मी मग यूट्यूब पाहून जे जे सांगतात ते सगळं केलं. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढला, परत टाकला, विंडोज अपडेट मारली, नेटवर्क रिसेट केलं, त्यात सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड उडाले ते वेगळंच. आठ दिवस गेले. कारण निघालं भलतंच, ते येईलच पुढे, पण तेव्हापासून मी कोणाचाही लॅपटॉप आला की सेटिंगला हात लावायच्या आधी विचारतो, सुटते कोण? लॅपटॉप सुटते, राउटर बंद पडते, का राउटरच्या मागची इंटरनेटची केबल जाते? तिघांचा इलाज वेगळा आहे, अन् बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, फिरणारं चक्र अन् न उघडणारं पान.

तर पहिलं काम कागदावरचं. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशोब लिहिते, मी त्याच चौकोनात नेट सुटल्याची वेळ लिहायला लागलो. वेळ लिहा, सोबत तीन गोष्टी लिहा, घरात लाईन, म्हणजे वीज, होती का, लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, अन् तुम्ही बसले होते कुठे. दोन-तीन दिवस पुरे. कंटाळवाणं आहे, पण अर्धं उत्तर इथंच सापडते.

दुसरं, नेट सुटलं त्या क्षणी चिन्हाकडे नुसतं पाहू नका, क्लिक करून वाचा. तुमच्या वायफायचं नाव दिसते अन् खाली 'नो इंटरनेट' लिहिलं आहे, म्हणजे लॅपटॉप अन् राउटरची दोस्ती शाबूत आहे, गडबड मागे आहे. कनेक्शनच तुटलेलं दिसते पण यादीत नाव आहे, तर लॅपटॉप सुटला. अन् यादीतून नावच गायब, शेजारी पडलेल्या मोबाईलमध्येही नाही, तर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होऊन राहिला. मोबाईलवर पाहताना मोबाईल डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर तो आपला सिमवर चालत राहतो अन् आपण म्हणतो मोबाईलवर तर चालू आहे.

याच्याहून पक्कं पाहायचं असेल तर पिंग लावा, म्हणजे लॅपटॉप घडीघडी हाक मारतो अन् पलीकडून उत्तर येते का ते पाहतो. विंडोज बटण दाबून सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडते. त्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा, अर्थात इंग्रजी अक्षरात, डिफॉल्ट गेटवेच्या पुढे जो नंबर येतो तो तुमच्या राउटरचा, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग, मग जागा सोडून तो नंबर, मग जागा सोडून डॅश टी. एंटर. ओळी पडत राहतात. तशीच दुसरी काळी खिडकी उघडा अन् तिथं ८.८.८.८ ला पिंग लावा, तो गूगलचा पत्ता आहे, पाठ करायला सोपा. दोन्ही खिडक्या बाजूबाजूला ठेवून आपलं काम करत बसा. नेट सुटलं की पाहायचं, दोन्हीकडे रिप्लाय थांबले तर तुमच्या अन् राउटरच्या मधात काहीतरी आहे, नाहीतर राउटरच बंद पडला. राउटरवाली खिडकी मजेत चालू अन् गूगलवालीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', तर लॅपटॉपले कायले शिव्या देता, तो बिचारा निर्दोष आहे. 'जनरल फेल्युअर' असं आलं तर बहुतेक वेळा लॅपटॉपचं वायफाय कार्डच तुटलं किंवा झोपलं असं समजा. आणखी एक, राउटर शेजारच्याच खोलीत असताना रिप्लायचा टाइम एक-दोन ते दहा मिलिसेकंदात असतो. तो मधूनच तीनशे, सातशे असा उड्या मारायला लागला तर बहुतेक सिग्नल कमजोर आहे, आता सुटेल का मग सुटेल असं चाललं आहे. बंद करायला कंट्रोल अन् सी.

विंडोजमध्ये एक रिपोर्टही निघतो, तो फार लोकांना माहीत नाही. सीएमडीवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, मग नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट, असे चार शब्द मधात जागा सोडून. शेवटी फाइल कुठे ठेवली ते स्क्रीनवरच लिहून येते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. मागच्या ३ दिवसांत वायफाय कधी जुळलं, कधी तुटलं, तुटण्याचं कारण काय, सगळं वेळेसकट. आता ते कॅलेंडर काढा अन् वेळा जुळवून पाहा.

आता माझं काय निघालं ते. कॅलेंडरवर चार दिवसांच्या सगळ्या नोंदी दुपारी १२ ते ५ मधल्या. सकाळी एक नाही, रात्री एक नाही. मला वाटलं उन्हानं राउटर तापतो. राउटरवर हात ठेवून पाहिला, कोमट होता. त्याच नेटएसएच डब्ल्यूलॅन शो च्या पुढे इंटरफेसेस लिहिलं की सिग्नल टक्क्यात दिसतो, सकाळी माझ्या जागेवर ८० च्या वर असायचा, दुपारी ४० च्याही खाली. तीच जागा, तोच टेबल. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "कूलर सरकवला का तुहं नेट जाते, मी तर कवापासून पाहून रायली."

कूलर. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, चाकाच्या स्टँडवरचा, अन् दुपारी छपरीत हवा यावी म्हणून मधल्या खोलीच्या दारात उभा करतो. राउटर मधल्या खोलीत, कोनाड्यात, कमरेच्या उंचीवर. म्हणजे राउटर अन् लॅपटॉपच्या बरोबर मधात पत्र्याची पेटी अन् तिच्या पोटात टाकीभर पाणी. वायफायच्या लहरींना पत्रा परतवून लावतो अन् पाणी पिऊन टाकते, याच्यापेक्षा चांगली भिंत शोधूनही सापडणार नाही. आमची खोलीची भिंत जुनी मातीची, हातभर रुंद, ती आधीच अर्धा सिग्नल खाते, दारातून जेवढा येत होता तेवढाच माझा आधार होता अन् तिथंच कूलर. मी राउटर उचलून दाराच्या वर, पाटईच्या लाकडाजवळ खिळ्याला टांगला. एवढंच. ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता.

म्हणून आपल्याकडच्या घरात ही यादी पहिले तपासा, कूलर, लोखंडी कपाट, गोदरेज म्हणतो ते, धान्याची पत्र्याची कोठी, टिनाचं छप्पर अन् टिनाच्या भिंती, फ्रिज. राउटर यांच्या मागे, आत किंवा वर ठेवू नका. उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा. अन् राउटरचे दोन बॅंड, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवरचे वायफाय, असतील तर लक्षात घ्या, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपुढं नाजूक, २.४ गिगाहर्ट्झ हळू पण भिंतीतून जास्त जाते. दोन्हीचं नाव एकच असलं की लॅपटॉप कधी यावर कधी त्यावर उड्या मारतो अन् उडीच्या वेळी सुटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, मातीच्या भिंतीपलीकडे बसत असाल तर २.४ वालंच जोडा. चॅनेल बदला, १, ६ नाहीतर ११ वर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असते, ते खरं आहे पण शहरातल्या फ्लॅटसाठी, जिथं एका भिंतीला वीस राउटर चिकटलेले असतात. आमच्या आळीत तीन घरी वायफाय आहे. त्यात वेळ नका घालवू. हां, २.४ वर असताना यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की नेट मरते हे मात्र होते, तिची केबल त्या बॅंडात गडबड सोडते. डिस्क लांब धरा किंवा दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

लाईनचा भाग आता. नोंदीत जर असं दिसलं की लाईन गेली का नेट सुटते अन् तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तर तो बदल होताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात राउटर रिस्टार्ट होतो, अन् फायबरचा डबा परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईन गेली तरी राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, मिळतो, पण घेताना आपल्या ॲडॉप्टरवर काय लिहिलं ते वाचून घ्या, १२ व्होल्ट का ९, किती अँपिअर, अंदाजानं घेऊ नका. ॲडॉप्टर जुना झाला तरी राउटर आपोआप बंद-चालू होतो. अन् एक्स्टेन्शन बोर्डात कूलर, पाण्याचा पंप, चार्जर अन् राउटर असे चौघं कोंबलेले असतील तर पहिले राउटरला भिंतीतला घट्ट सॉकेट द्या, पिन ढिली असली की कोणी बोर्डाला पाय लावला तरी नेट जाते.

इन्व्हर्टर नाही, राउटर यूपीएसवर आहे, मोबाईलवर नेट चालू आहे, तरी लाईन गेली का फक्त लॅपटॉपच सुटते? मग हे आपलं विंडोजचं काम. चार्जर निघाला का लॅपटॉप बॅटरी वाचवायला लागतो अन् वायफाय कार्डाची पॉवर कमी करतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, खाली ॲडव्हान्स्ड, त्यात वायरलेस ॲडॉप्टर सेटिंग्ज, पॉवर सेव्हिंग मोड, अन् 'ऑन बॅटरी' पुढे मॅक्झिमम परफॉर्मन्स. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॉप्टर्समध्ये ज्याच्या नावात वायफाय किंवा वायरलेस आहे त्यावर दोनदा क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' च्या पुढची टिक काढा. काही नवीन लॅपटॉपमध्ये हे पर्याय दिसतच नाहीत, दिसले नाही तर घाबरू नका, तुमचं काही बिघडलं नाही.

ड्रायव्हरला हात केव्हा लावायचा? जर त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तेव्हा. डिव्हाइस मॅनेजरच्या त्याच खिडकीत ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक असते, ते दाबता येत असेल तर पहिले ते. नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून वायफायचा ड्रायव्हर उतरवून ठेवा, अन् जुना काढायचा तो त्यानंतरच. मी आधी काढला अन् मग नवीन उतरवायला नेटच नाही, असा डोक्याला हात लावून बसलो होतो. तसं झालंच तर मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट वायरीतून लॅपटॉपला येते, त्याला वायफाय लागत नाही.

हॉटस्पॉटवर काम करणारे लय आहेत आपल्याकडे, त्यांच्यासाठीही तीच वायर. हॉटस्पॉट सुटण्याची कारणं निराळी, फोन तापला, बॅटरी सेव्हर लागला, काही वेळ कोणी जोडलेलं नाही म्हणून हॉटस्पॉट स्वतःच बंद झाला, किंवा दोन सिममधल्या दुसऱ्यावर फोन आला अन् पहिल्याचा डेटा थांबला. पहिल्या तिघांचा इलाज सेटिंगमध्ये अन् सावलीत आहे. चौथं ओटीपीच्या वेळीच नेमकं होते.

आता एक शारीरिक तपासणी. पिंग चालू ठेवून लॅपटॉपची स्क्रीन हळूच मागे-पुढे करा. स्क्रीन हलवली की टाइम उड्या मारतो किंवा तुटते? वायफाय कार्डाच्या बारीक अँटेना वायरी बहुतेक लॅपटॉपमध्ये बिजागरातून वर स्क्रीनच्या काठात गेलेल्या असतात, बिजागर तुटलं की त्या दबतात, कापल्या जातात. यावर सेटिंग नाही. तालुक्याच्या दुकानात दाखवा अन् नुसतं 'नेट येत नाही' म्हणू नका, नाहीतर तो फॉरमॅट मारून पाठवेल, 'स्क्रीन हलवली की सुटते, अँटेनाची वायर पाहा' असं सांगा. तोवर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावून काम भागते.

अन् पिंगमध्ये राउटर ठीक, गूगल बंद असं निघालं तर फायबरच्या डब्याचे दिवे पाहा. एलओएसचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही किंवा कमी येऊन राहिला. घरात केबल कुठे कोपऱ्यात दाबून वाकवली का, खिळ्यात आवळली का पाहा, आत काचेचा केसासारखा धागा आहे, तारेसारखा गुंडाळला की चालत नाही. घराबाहेरचं मात्र लाईनमनचं काम. आमच्या मामाकडे वारा सुटला का नेट जायचं, खांबावरून आलेली केबल कडुनिंबातून गेली होती अन् वानरं रोज तिला झोका घ्यायची. मामानं तीन वेळा तक्रार केली, तीन वेळा 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच उत्तर. चौथ्या वेळी तारीख, वेळ अन् लाल दिव्याचा फोटो पाठवला, तेव्हा कुठं माणूस शिडी घेऊन आला.