पावसात सायकलवर घालायचं रेन जॅकेट घेताना या चुका टाळा

जून लागला की साताऱ्यातल्या आमच्या सायकलवाल्या मित्रमंडळींत एकच तक्रार सुरू होते, वॉटरप्रूफ म्हणून एवढे पैसे घालून जॅकेट घेतलं आणि यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो तर आतला टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला, मग दुकानदारानं फसवलं का काय? बहुतेक वेळा नाही. ते पाणी पावसाचं नसतंच, आपल्याच घामाचं असतं.

आधी घरी तपासून घ्या. कोरडा टी-शर्ट घाला, वर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत लावा आणि बाथरूममध्ये शांत उभं राहून घरातल्या कुणाला तरी खांद्यावर-पाठीवर पाच-सात मिनिटं पाणी ओतायला सांगा. आत कोरडं राहिलं तर जॅकेट चांगलंय, त्रास घामाचा आहे. खांद्याच्या शिवणीपाशी किंवा चेनच्या रेषेत ओला पट्टा उमटला तर मात्र गळतंय. जॅकेट उलटं करून बघा, शिवणींवर आतनं टेप चिकटवलेली असायला पाहिजे. कापड कितीही भारी असू दे, टेप नसेल तर सुईच्या भोकांतनं पाणी येणारच.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोटरसायकलचा जाड रेनकोट सायकलवर वापरणं. गाडीवर आपण नुसतं बसतो, सायकलवर अंग तापतं, आणि त्या प्लास्टिकच्या कापडातनं वाफ बाहेर जायला वाटच नसते. पोंचो, म्हणजे डोक्यातनं घालायचा सैल, घोळदार रेनकोट, तर घेऊच नका, वाऱ्यानं फडफडतो आणि खालचं टोक चाकात गेलं की थेट रस्त्यावर.

दुसरी चूक म्हणजे लेबलवरच्या आकड्यांना भुलणं. 10,000 मिमी लिहिलंय म्हणजे कापडावर 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब येईपर्यंत ते पाणी आत सोडत नाही, आपल्या पावसाला एवढं पुरतं, त्याच्यावर 20,000 साठी दुप्पट पैसे मोजायची मला तरी गरज वाटत नाही. दुसरा आकडा असतो ब्रीदेबल असण्याचा, एक चौरस मीटर कापडातनं 24 तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. पण आत दमट आणि बाहेर त्यामानानं कोरडं असेल तरच वाफ नीट बाहेर जाते. जुलैत कासच्या रस्त्याला सगळीकडं ढग उतरलेले, हवाच पाण्यानं भरलेली, तिथं महागातलं महाग कापडही निम्मं काम करणार नाही. म्हणून आपल्याकडं आकड्यापेक्षा जॅकेटला हवा यायला जागा किती आहे ते बघायचं. काखेत चेन पाहिजे, पाठीवर झडपेसारखी फट पाहिजे, आणि पुढची चेन खालनं आणि वरनं दोन्हीकडनं उघडणारी मिळाली तर फारच उत्तम.

आणि मुळात चढावर जॅकेट घालूच नका. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण आमच्यातली कितीतरी जण खाली साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासनंच गच्च चेन लावून निघतात आणि वर पोचेपर्यंत आतनं भिजलेली असतात, मग उतरताना ताशी 35-40 च्या वेगानं गार वारा त्या ओल्या अंगावर बसतो, बोटं इतकी आखडतात की ब्रेक नीट दाबला जात नाही, आणि ओल्या रस्त्याच्या वळणावर ब्रेक उशिरा लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. रिमझिम असेल तर चढताना भिजा, काही होत नाही, अंग गरम असतं. वर थांबलात की लगेच जॅकेट चढवा. त्यासाठी ते घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात बसेल इतकं पातळ पाहिजे. आत सुती बनियन नको, सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि गारठा धरून ठेवतं, पातळ ड्रायफिट टी-शर्ट घाला.

माप बघताना दुकानात सरळ उभं राहून आरशात बघू नका. हँडल धरल्यासारखं पुढं वाका. बाह्या मनगटावरनं वर सरकतात का, कंबर उघडी पडते का ते बघा. मागचा भाग जरा लांब हवा, चाकाचं पाणी पाठीमागनंच उडतं. मडगार्ड लावलेत तर निम्मा त्रास तिथंच संपतो. मात्र तेच लांब टोक सीटखालच्या लाल लाइटवर येऊन ती झाकत नाही ना, हेही बघा. जॅकेटची टोपी हेल्मेटच्या आत बसणारी असावी. डोक्याबरोबर वळली नाही तर मागची गाडी दिसत नाही.

काळा रंग नको. धुक्यात दहा पावलांवर गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. पोपटी नाहीतर नारिंगी घ्या.

जुन्या जॅकेटवर पाण्याचे थेंब घरंगळायचे बंद होऊन कापड पाणी पिऊन जड व्हायला लागलं तर लगेच नवीन घ्यायची घाई करू नका. वरचा लेप मळलाय किंवा उतरलाय. सौम्य लिक्विडनं धुवा, कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही टाकू नका, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि आतल्या लेबलवर परवानगी असेल तर मध्ये सुती कापड ठेवून अगदी कमी गरम इस्त्री फिरवा. तरी थेंब घरंगळले नाहीत तर लेपाचा स्प्रे मिळतो, तो मारा. मात्र आतलं अस्तर चिकट होऊन पापुद्रे सुटत असतील तर ते जॅकेट संपलं. पावसाळाभर ओलंच बॅगेत कोंबून ठेवलं की बऱ्याचदा असं होतं, म्हणून घरी आलात की आधी ते उलटं करून पंख्याखाली टांगा, चहा नंतर.