आवाज मध्येच तुटतो तेव्हा: डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी काय टिपावे
बोलताना आवाज आवळला जातो, शब्द मध्येच तुटतो किंवा स्वर निसटून नुसती हवा बाहेर पडते, आणि तरीही घशात गाठ वा सूज आढळत नाही, तेव्हा अनेक घरांत ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढाच सल्ला मिळतो. हा सल्ला रुग्णावर अन्याय करणारा आहे. स्पास्मोडिक डिस्फोनिया या मेंदूशी निगडित विकारात स्वरयंत्राचे स्नायू बोलताना आपोआप आखडतात. ताणाने त्रास वाढतो, पण ताण हे त्याचे मूळ नव्हे.

दवाखान्यात आवाज कधीकधी नेमका बरा लागतो, म्हणून आधी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. ‘आई आणि आजी आंबे आणायला गेल्या’ हे वाक्य सावकाश म्हणावे. यातला प्रत्येक वर्ण घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाने उच्चारला जाणारा, असल्याने स्वरतंतू सतत कंप पावत राहतात, आणि विकार स्वरतंतू घट्ट मिटण्याच्या प्रकारचा असेल तर आवाज इथेच अडकतो. त्यानंतर एकसष्ट ते अडुसष्ट आकडे मोजावेत. ‘सष्ट’मधल्या अघोष, म्हणजे कंपनाविना उच्चारल्या जाणाऱ्या, वर्णांनंतर आवाज हवेत विरत असेल, तर स्वरतंतू अवेळी उघडण्याच्या, तुलनेने दुर्मीळ प्रकाराची शंका येते. शेवटी काही सेकंद ‘आ’ लांबवावा. त्यात एकसारखी थरथर असल्यास तेही सांगावे. कुजबुजताना, हसताना किंवा गाताना आवाज मोकळा होतो का, आणि फोनवर अधिक अडतो का, हेही लिहून ठेवावे. मात्र यावरून घरीच निदान करू नये.

नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून, रुग्णाला बोलायला लावून तपासणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावेत. मेंदूविकारतज्ज्ञ आणि वाचाउपचारतज्ज्ञ यांचे मतही घ्यावे. तंबाखू खाणाऱ्या किंवा धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा असेल, तर दुर्बिणीच्या तपासणीस विलंब करूच नये.

स्वरयंत्राच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन हा आज रूढ उपचार आहे. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, म्हणून ते पुन्हा घ्यावे लागते. सुरुवातीचे काही दिवस आवाज क्षीण होतो आणि पाणी पिताना ठसका लागू शकतो. तेव्हा घोट लहान घ्यावेत.

घरच्यांनी बोलणाऱ्याचे वाक्य स्वतः पूर्ण करू नये, मिक्सर आणि टीव्ही बंद करून समोर बसावे, आणि बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा फोन करायचा असेल तेव्हा आधी त्यालाच विचारावे, की स्वतः बोलणार की आपण बोलू.