शिकागोच्या आसपास राहत असाल तर प्रेअरीच्या कामाला कसं लागायचं

इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात, पण इथे पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या कितीतरी लोकांनी खरी प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं गवताळ माळरान, पाहिलेलीच नसते, कारण पाहायला उरलीच आहे फार थोडी. एके काळी या राज्यात अंदाजे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, आणि त्यातली मूळची, चांगल्या अवस्थेतली आता उरलीये जेमतेम अडीच हजार एकर. १८३७ मध्ये जॉन डिअरने इथल्याच ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर बनवला, त्याला ही चिकट काळी माती चिकटेना, आणि मग पुढच्या काही दशकांत सगळं शेतीखाली गेलं. जे वाचलं ते रेल्वेलाइनच्या कडेला, जुन्या स्मशानांत, असं कुठेतरी कोपऱ्यात.

हे परत आणायचं काम बरंचसं साधी माणसं सुट्टीच्या दिवशी करतात. नॉर्थ ब्रँच नदीच्या काठाने स्टीव्ह पॅकार्ड आणि त्यांच्याबरोबरच्या व्हॉलंटियर्सनी १९७७ मध्ये सुरू केलेलं काम आजही चालू आहे. तुम्हालाही जाता येईल, अनुभव लागत नाही.

आधी जागा ठरवा. कुक, ड्युपेज, केन, लेक, विल, आपली काउंटी कुठलीही असो, तिच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या (काउंटीने राखलेल्या रानांच्या) वेबसाइटवर व्हॉलंटियर आणि रिस्टोरेशन वर्कडे असं शोधा, बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी सकाळी तीनेक तासांचं काम असतं. माझा आग्रह एवढाच की घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरची एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. पाच ठिकाणी एकेकदा गेलात तर काहीच डोळ्यात बसत नाही. एकाच माळावर एप्रिल, जुलै, ऑक्टोबर बघितला की झाडं ओळखीची व्हायला लागतात, आणि खरं तर ओळख हेच इथलं मुख्य काम आहे.

कपडे जुने, फुल पॅन्ट, बूट, आणि मोजे पॅन्टच्या वर ओढून घ्यायचे, कारण गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम डिसीज होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, केसांत नीट बघा, मुलांचं तर नक्कीच. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचारून ओळखून ठेवा. ग्लोव्हज आणि हत्यारं बहुतेक तिथेच मिळतात, पाणी आपलं आपण न्यायचं.

आता मन घट्ट करायची गोष्ट. हिवाळ्यात गेलात तर तुमच्या हातात लॉपर (फांद्या कापायची लांब दांड्याची कात्री) किंवा करवत देतील आणि झाडं कापायला सांगतील. 'झाडे लावा, झाडे जगवा' ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे फार जड जातं, मला पहिल्या दिवशी खरंच गलबलून आलं होतं. पण समजून घ्या, ते बकथॉर्न आहे, युरोपातून कुंपणासाठी आणलेलं, पक्षी त्याची काळी फळं खातात आणि बी सगळीकडे पोचवतात, आणि मग त्याच्या दाट सावलीत खाली काहीही उगवत नाही. प्रेअरीला ऊन लागतं. ओळखायची खूण सोपी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाकी झाडांची पानं गळतात तेव्हाही हे हिरवंगार उभं असतं, आणि कापलं की आतलं लाकूड नारिंगी दिसतं. कापून नुसतं सोडलं तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात, म्हणून बुंध्याला लगेच औषध लावतात, ते काम लायसन्स असलेल्या माणसाचं, आपण हात लावायचा नाही. फांद्या ओढून ढीग करायचा, आणि बर्फ असताना तो पेटवतात, त्या शेकोटीपाशी थांबा, गप्पा चांगल्या होतात.

आपल्याकडच्या माळरानांचंही हेच झालंय ना, पुणे-सोलापूरकडचे माळ पडीक समजून त्यावर झाडं लावतात, आणि लांडगा-चिंकाऱ्याची हक्काची जागा जाते. गवताळ रान म्हणजे झाडं नसलेलं उजाड रान नव्हे, हे मला इथे येऊन कळलं.

एप्रिल-मे मध्ये गार्लिक मस्टर्ड उपटायचं, हेही बाहेरून आलेलं तणच. बी धरायच्या आत, मुळासकट, आणि पिशवीत भरून बाहेर. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो असं सांगतात ते बरोबर, पण दहा रोपं उपटली की ग्लोव्हजलाच लसणाचा वास लागतो आणि मग सगळंच लसूण वाटतं. मी पहिल्या वर्षी अशीच वायोलेटची, म्हणजे इथल्याच एका रानफुलाची, चार-पाच रोपं उपटून ठेवली, दोघांची कोवळी पानं फार सारखी असतात, आणि काही फुलपाखरांच्या अळ्या वायोलेटवरच जगतात, फार वाईट वाटलं. त्यामुळे वासावर जाऊ नका, मूळ बघा, मस्टर्डचं मूळ वरच्या टोकाला वळलेलं असतं. शंका असेल तर उपटायचंच नाही, आधी विचारायचं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर बी गोळा करायचं काम, आणि हे सगळ्यात सुंदर. आई-बाबा इकडे आलेले असतील तर त्यांना नक्की न्या. माझी आई आली होती तेव्हा इंडियन ग्रासचं सोनेरी कणीस हातात धरून म्हणाली, "अगं, ही तर ज्वारीची बहीण दिसते." आणि ते खरंच आहे, इंडियन ग्रास, बिग ब्लूस्टेम, आपली ज्वारी, ऊस, मारवेल गवत, सगळी एकाच कुळीतली. कणीस मुठीत धरून वर ओढायचं, पिकलं असेल तर बी सहज हातात येतं, जोर लावावा लागला तर अजून कच्चं आहे, सोडून द्या. सगळं बी कधीच घ्यायचं नाही, बरंचसं जागेवरच ठेवायचं. पिशवीवर रोपाचं नाव, तारीख, जागा लिहा. आणि वर्कडे सोडून एरवी स्वतःहून बी तोडून घरी आणू नका, परवानगीशिवाय चालत नाही.

नंतर कोरड्या बियांची मळणी आणि चाळणी असते, तिथे आईने सूप नाही म्हणून ट्रे घेतला आणि पाखडायला लागली, बाकीचे सगळे काम थांबवून बघत होते, मग दोघं-तिघं तिच्याकडून शिकली.

पेरणी नोव्हेंबरपासून पुढे, थंडीत. आपल्याला पेरणी म्हटलं की जून आठवतो, पण यातल्या बऱ्याच बियांना ओल्या थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय जाग येत नाही. बी ओल्या वाळूत मिसळायचं आणि मोकळ्या किंवा जाळून घेतलेल्या जमिनीवर मुठीने फेकायचं, पातळ बर्फावरही चालतं. पुरायचं नाही. जमीन जाळायचं काम मात्र ट्रेनिंग घेतलेल्या टीमचंच, इथले मूळ रहिवासी पोटावाटोमी लोक पूर्वी हेच करायचे, आगीने वरचं वाळलेलं गवत जातं, मुळं खोल असल्याने सुरक्षित राहतात.

पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही पेरलेल्या जागी फारसं काही दिसणार नाही, रोप सगळी ताकद मुळांत घालत असतं. कंपास प्लांटला तर पहिलं फूल यायला बरीच वर्षं लागतात, आणि त्याची मोठी कातरलेली पानं उत्तर-दक्षिण उभी राहतात. त्यामुळे मुलांसोबत पेरत असाल तर पेरलेल्या जागेचा एक फोटो काढून ठेवा, मागे एखादं ओकचं झाड येईल असा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यांत तीच जागा बरोबर सापडेल.